मला गूळ पाजणारे अण्णासाहेब

मित्रांनो, मला भंगार म्हणायच्या आधी जरा थांबा. मी पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आहे, घनसावंगीच्या अलीकडे एका विहिरीच्या काठावर पत्र्याच्या छपराखाली बसलेलं. वय झालंय, मान्य. पण माझी अक्कल शाबूत आहे. माझ्याभोवती वावरणाऱ्या कित्येक शहाण्यांबद्दल मला तेवढंही म्हणता येत नाही.

गुजरातेतल्या एका कारखान्यात लोखंड वितळवून मला ओतलं. माझी आताची मालकीण बेबीनंदा, तिच्या सासऱ्यांनी मला बैलगाडीत घालून इथं आणलं. मी एका हँडलात चालू व्हायचो. सासरे वेळच्या वेळी फिल्टर धुवायचे, ऑइल बदलायचे आणि पाव्हण्यांना हात धरून दाखवायला आणायचे, "हे माझं इंजन." खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटायचं. मग शेजारपाजारचे मला उसनं न्यायला लागले आणि डिझेलात रॉकेल मिसळून पाजायला लागले. रॉकेल पातळ, त्यानं माझ्या डिझेल-पंपाला वंगण मिळत नाही. मी तापायचो, ठोके द्यायचो, तर म्हणायचे, इंजन नखरे करतंय. वा रे वा!

पुढं वीज आली, विहिरीवर हिरवी मोटार बसली आणि माझ्यावर पोतं पडलं. माझ्या चाकावर कोंबडी अंडी घालायची. मोटारीचा तोरा तर विचारूच नका. बटण दाबलं की चालते म्हणे! डीपी, म्हणजे वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली की मुकी होते, ते कोणी सांगत नव्हतं.

यंदा मे महिन्यात डीपी जळालीच. नवी यायला आठ दिवस लागणार होते. बेबीनंदाची दोनशे मोसंबीची झाडं आहेत. तिचा नवरा जालन्याला कारखान्यात कामाला आहे, त्यामुळे बाग तिनं एकटीनं वाढवली. सहा वर्षं वाट पाहिल्यावर यंदा पहिला भरगच्च बहार धरला होता. फळं लिंबाएवढी झालेली, ऊन बेचाळीसचं. दोन दिवस पाणी चुकलं तर फळगळ ठरलेली. तिनं पोतं काढलं, मला पुसलं आणि कॅन घेऊन डिझेल आणायला निघाली.

तेवढ्यात आडवे आले अण्णासाहेब. हे तिचे थोरले दीर. जालन्यात ऑफिसात नोकरी करून रिटायर झाले आणि गावाला शहाणं करायला परत आले. नुकतंच बाहेरगावी जैविक इंधनाचं ट्रेनिंग करून आले होते. छातीवर बिल्ला अजून होता.

"डिझेल कशाला? म्या करंजाच्या तेलाचं जैविक डिझेल तयार केलंय. धूर बिलकुल न्हाई!"

बेबीनंदानं त्यांनी आणलेल्या ड्रमात डोकावून पाहिलं. "भाऊजी, ह्याच्यात काय घातलं?"

"दोन किलो गूळ, मूठभर बेसन. सात दिवस सावलीत ठिवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळलं, उजवीकडून डावीकडं."

"इंजनाला गूळ?"

"जैविक म्हंजे जैविकच की! जीवामृताला घालतो का न्हाई? मंग?"

ऐकलंत? झाडाच्या मुळाशी घालायच्या खताची कृती या गृहस्थांनी माझ्या टाकीत ओतली. गोमूत्र घातलं नाही, एवढे उपकार. बेबीनंदा नको नको म्हणत होती, पण थोरल्या दिरापुढं तिचं किती चालणार!

नळीत जुनं डिझेल उरलं होतं, त्यावर मी चालू झालो. अण्णासाहेबांनी मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून घेतला. मग ते तेल आत आलं. मित्रांनो, डिझेल माझ्या नोझलमधून धुक्यासारखं बारीक उडतं आणि दाबानं तापलेल्या हवेत पडल्याबरोबर पेटतं. करंजाचं कच्चं तेल काकवीसारखं जड. त्याचा फवारा कसला, थेंब पडतात. ते अर्धवट जळतात आणि त्यांचा कोळसा पिस्टनवर, रिंगांत, नोझलच्या तोंडावर बसतो. राहिलेलं काळा धूर होऊन बाहेर पडतं. बिलकुल धूर नाही म्हणणारे अण्णासाहेब खोकत खोकत बांधावर पळाले. घटकाभरात गुळाच्या गाळानं फिल्टर बुजला आणि मी बंद पडलो.

इंजिनं दुरुस्त करणारा वसंता मिस्त्री कामात अडकला होता, तो तिसऱ्या दिवशी येणार होता. ते दोन दिवस बेबीनंदा विहिरीतून शेंदून, घागरीनं झाडांना पाणी घालत होती. घागर दोनशे झाडांना कशी पुरणार? माझ्यासमोर टपटप फळं गळत होती. आयुष्यभर मी माणसांवर चिडलो, त्या दोन दिवसांत स्वतःवर चिडलो. काठावर बसून मला एक फेरा घेता येत नव्हता.

वसंतानं येऊन हेड खोललं. बोटावरचा चिकट गाळ हुंगला.

"हे तर गूळ हाय! इंजन हाय का बैल?" सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "करंजाचं तेल वाईट न्हाई, अण्णासाहेब. पण त्याला स्पिरिट अन् कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया लागती. खाली बसलेलं ग्लिसरीन काढून, तेल धुऊन, सुकवून घ्यावं लागतं. मंग धूर खरंच कमी होतो. एक विषारी वायू जरासा वाढतो, ते बी खरं. तुम्ही तर ह्याचं जीवामृत केलं."

बेबीनंदानं विचारलं, "भाऊजी, ट्रेनिंगात हे शिकवून राह्यले तवा तुम्ही कुठं गेल्ते?"

अण्णासाहेब पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. "जेवायच्या लायनीत. लाइन लई मोठी व्हती." मग लगेच आवाज चढवला, "पण इंजनच जुनं हाय! भंगारात टाका ते!"

ओच्यात गोळा केलेली हिरवी फळं बेबीनंदानं त्यांच्या दोन्ही हातांत ओतली. ओंजळ भरली, खाली सांडायला लागली.

"हे बी भंगारातच टाकायचं का?"

वसंतानं नोझल साफ केलं, रिंगा सोडवल्या, टाकीत शुद्ध डिझेल भरलं आणि हँडल मारलं. मी चालू झालो. पाणी सरीत उतरलं तशी बेबीनंदा बांधावर बसून रडली. निम्मा बहार वाचला, निम्मा गेला.

मित्रांनो, इंधन जरूर बदला. माझ्या धुराचं मला काही कौतुक नाही, तो तुमच्याच छातीत जातो. पण शिकवणारा काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐका, मगच माझ्या टाकीला हात लावा. आणि चूक झाली तर माझ्यावर ढकलू नका. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर जाऊन कबूल करा. कबुलीला ना गूळ लागतो, ना ट्रेनिंग. अण्णासाहेब अजून बेबीनंदाच्या दारात गेलेले नाहीत. हल्ली बागेकडं यायचं झालं तर माझ्यापासून लांब, पलीकडच्या बांधावरून जातात.