पोटात ठेवणाऱ्या

"सांगणार नाही म्हणजे? आई आहे मी तिची!"

टेलरबाईंचा आवाज खोलीबाहेर पार व्हरांड्यापर्यंत गेला. शाळेने काउन्सेलरबाईंना खोली दिली होती तीही जेमतेम, दोन खुर्च्या आणि एक कपाट मावेल एवढी. आठवीतली आपली लेक मधल्या सुट्टीत इथे येऊन बसते, हे टेलरबाईंना कालच कळलं होतं, आणि तेही एका गिऱ्हाइकाकडून. तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"ताई, तिच्या जिवाला धोका असता, कुणी त्रास देत असतं, तर त्याच दिवशी मी तुमच्या दारात आले असते," काउन्सेलरबाई म्हणाल्या. "तसं काही नाही, हा माझा शब्द. बाकी तिचं तीच सांगेल. आईशी बोल, असं मी तिच्या मागे लागलेच आहे."

"आणि नाही बोलली तर?"

"तर आपण तिघी बसू. पण ती हो म्हणाली तरच."

"मोठ्या आल्या शब्द देणाऱ्या! चार पुस्तकं वाचली की दुसऱ्यांच्या पोरींच्या आया होता येतं वाटतं!"

काउन्सेलरबाईंचा चेहरा पडला. टेलरबाई तणतणत बाहेर पडल्या.

त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आसपासच्या बायकांचं सगळं त्यांना ठाऊक. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाला शस्त्रक्रियेनंतर आतून एका बाजूला भर घालावी लागते, कुणाच्या लग्नाच्या ड्रेसची कंबर ऐन वेळी सैल केलेली. यातलं अवाक्षर कधी दुकानाबाहेर गेलं नाही, आणि याचा त्यांना भलताच तोरा होता. "माझ्याकडचं माप फक्त कात्रीला माहीत," असं त्या म्हणायच्या. आणखी एक गोष्ट त्यांनी अशीच पोटात ठेवली होती. त्यांची नजर चालली होती. गेलं ते परत येणार नाही, आहे ते औषधाने टिकवू, असं डॉक्टर म्हणाले होते. हे बाहेर फुटलं तर कापड घेऊन कोण येणार?

संध्याकाळी दवंडीबाई आल्या. हे नाव टेलरबाईंनी मनातल्या मनात ठेवलेलं. त्यांचा मुलगा लेकीच्याच वर्गात, आणि कालची बातमीही यांचीच.

"काय हो, त्या कोपऱ्यावरच्या नवरीची कंबर म्हणे दोनदा सैल केलीत?"

"तिलाच विचारा."

"सांगा ना! मी काय परकी आहे?"

"तिचं तीच सांगेल," टेलरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात टाक्यावरच थांबला. सकाळी हेच शब्द ऐकून त्यांनी शाळा डोक्यावर घेतली होती. म्हणजे ती बाई आपल्याच पंथातली निघाली की!

दवंडीबाई गेल्यावर त्यांनी लेकीला हाक मारली. "ठकू, आज तुझ्या काउन्सेलरबाईंवर ओरडून आले मी."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "त्यांनी सांगितलं?"

"छे! तोंड शिवून बसली होती बाई. चांगली आहे. जात जा खुशाल."

लेक तिथेच रडायला लागली. "आई, तुला दिसत नाही ना गं? मी रोज शाळेत जायच्या आधी सुया ओवून टोचून ठेवते. लोकांना कळलं तर तुझं काम जाईल, म्हणून कुणाशी बोलताच येईना. म्हणून बाईंशी बोलले."

टेलरबाईंनी ओवून टोचून ठेवलेल्या सुयांकडे पाहिलं. आपणच ओवून ठेवतो आणि विसरतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आणि ती बाई! आज त्यांच्याच डोळ्यांत बघत ती बोलणी खात होती, आणि त्या डोळ्यांचंच गुपित तिने पोटात ठेवलं होतं. त्यांनी लेकीला जवळ ओढलं. एवढीशी पोर, पण कुठे वाच्यता नाही. पोरगी आपल्यावर गेलीय, या विचाराने रडतारडताच त्यांचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी त्या लहानशा खोलीत तिसरी खुर्ची आणावी लागली. टेलरबाईंनी आधी माफी मागितली, मग रडल्या, आणि मग काउन्सेलरबाईंच्या कोटाची उसवलेली बाही बघून, हा उद्या दुकानात आणायचा, असा दमही भरला.

पुढे एकदा दवंडीबाई नव्या ड्रेसचं कापड घेऊन आल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी खाली आलेला होता.

"माझ्या मुलाला त्या काउन्सेलरबाईंकडे पाठवा, असं शाळेत म्हणतात. कशी आहे हो बाई? गावभर तर नाही ना करणार?"

"बिनधास्त माप द्या तिला," टेलरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सुई आणि दोरा लेकीपुढे धरला. "ठकू, ओवून दे गं. मला आता बारीक दिसत नाही."

दवंडीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. टेलरबाईंची मान ताठ होती.

"आता उभ्या राहा. आणि पोट आत ओढायचं नाही."

त्यांनी टेप कमरेभोवती नीट धरली. लेक पुढे झाली, वाकून तिने आकडा पाहिला, आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन तो हळूच सांगितला.