चार पेनांचा फोटो

"थांबा, थांबा! शाई आली!"

अंबुबाई ओरडली, पण तोवर भिंगावरचं झाकण फोटोग्राफर जिनपालच्या हातात आलं होतं. उजेड कॅमेऱ्यात गेला तो गेला. टेबलावर पसरलेल्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर चार काळी पेनं ओळीनं निजली होती आणि चारही निबांखाली निळे डाग हळूहळू मोठे होत होते.

"गेली प्लेट," जिनपाल म्हणाला. तो चिडला नाही, तेच ज्योतिबाला जास्त लागलं. "मामा, पेनात शाई घालून आणलाय व्हय?"

"पाच-पाच थेंबच."

"फोटो काडायला शाई कशाला लागतीया?"

"रिकामं पेन माझ्या हातनं कदी कुणाच्या म्होरं गेलं न्हाय, बाबा."

आणि ते खरंच होतं. बेळगावात खासबागेतल्या आपल्या खोलीत, पायानं लेथ फिरवत, ज्योतिबानं वीस वर्षं पेनं केली. त्याआधी लाटणी, खेळण्यातल्या बाहुल्या, कीर्तनकारांच्या चिपळ्या. शेजारणीचं भांडं जसं रिकामं परत करायचं नाही, तसं पेनही रिकामं द्यायचं नाही, ही त्याची रीत. पाच थेंब घालायचे, कागदावर 'श्री' काढायचा आणि मगच ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचं. वर बजावायचं, "भरलंसा तर गच्च भरा, न्हायतर धुऊन रिकामं ठेवा. थोडकी शाई ठेवून उनात टाकलंसा, तर आतली हवा फुगती आन् शाईला भाईर ढकलती."

आणि आज चैत्राचं ऊन स्टुडिओच्या काचेच्या छपरातून तासभर त्याच्याच पेनांवर पडत होतं.

"लोकांस्नी शिकवायला बरं येतंय," अंबुबाई म्हणाली. "कीर्तनाला न्ह्यायचं उपरणं गेलं की वो! दर आयतवारी निळीत घालतो मी ते."

"आता नीळ लागायची न्हाय," ज्योतिबा पुटपुटला.

तिला हसू आलं, पण ते तिनं पदराआड दाबलं.

जिनपालनं लाकडी पेटी उघडून दाखवली. "लढाई लागल्यापासनं फोटोच्या काचा येईनात, मामा. ही येकच ऱ्हायलीया. चिंचंची सावली तासाभरात छपरावर येती. मग मला काय करता यायचं न्हाय."

ज्योतिबा स्टुलावर बसला. डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळायचा, उजव्यापुढे सदा धुकं. डॉक्टरांनी लेथ बंद करायला सांगितल्याला महिना झाला होता. तरी चाचपत, बोटांनी माप घेत, त्यानं कबूल केलेली ही चार पेनं पुरी केली आणि मग अंबुबाईनं लेथवर गोणपाट टाकलं. उद्या सकाळी चौघं येऊन आपापलं पेन घेऊन जाणार होते. वीस वर्षांत घरात स्वतःचं म्हणून एकही पेन राहिलं नव्हतं. "भितीवर निदान येक फोटो असावा," असं तो एकदा सहज बोलून गेला. तेवढं धरून अंबुबाईनं त्याला इथवर आणलं होतं.

"आणा हिकडं," जिनपाल म्हणाला. "शाई वतून टाकतो, चिंधीनं फुसतो. दोन मिन्टाचं काम."

"वतू नगंस. देवाचं नाव घिऊन घातलीया ती. चिंधीत जायाची न्हाय."

"आन् परत गळली म्हंजी?"

"अवं, हट्ट तरी किती करायचा?" अंबुबाई वैतागली. "त्या लेकराला दुसरी कामं न्हाईत व्हय?"

ज्योतिबानं डोळे मिटले. त्याला दमल्यासारखं झालं होतं. आजचं नव्हे, फार दिवसांचं. मग तो म्हणाला, "जिनपाल, येक जाड कागद दे. आन् ती काचंची नळी."

पेनांच्या पोटातली शाई त्यानं नळीनं ओढून जिनपालच्या दौतीत सोडली. निबाखालच्या चिरेत मात्र थोडी शाई उरतेच. तीच दगा देते. ती संपवायला त्यानं कागदावर पेन टेकवलं आणि लिहू लागला. हरी, हरी, हरी. आधी ठळक, मग फिकट, मग तुटक. एक पेन कोरडं झालं की दुसरं. जिनपाल छपराकडे बघत होता. सावली कडेला आली होती.

चौथं पेन चालू असताना अंबुबाई वाकून म्हणाली, "आता उमटंना वो."

"ठावं हाय. वळ पुरी करतो."

फार वर्षांपूर्वी मारुतीच्या देवळात एका बुवांचा गळा कीर्तनाच्या ऐन रंगात बसला होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. हातातल्या चिपळ्या मात्र वाजत राहिल्या आणि समोर बसलेल्या लोकांनी नाम उचललं. त्या चिपळ्या ज्योतिबानंच केलेल्या होत्या. घरी येताना तो अंबुबाईला म्हणाला होता, असं कीर्तन पुन्हा व्हायचं नाही.

निब कागदावर कोरडा खरखरत ओळीच्या शेवटपर्यंत गेला. ज्योतिबानं पेन खाली ठेवलं. उपरणं डागाळलेलं, म्हणून जिनपालनं तोच लिहिलेला कागद टेबलावर पसरला, त्यावर पेनं मांडली, काळ्या कापडात शिरला आणि सावली काचेवर यायच्या आत झाकण काढलं. या खेपेस कुणी ओरडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिनपाल फोटो घेऊन खासबागेत आला. पेनं आदल्या दिवशीच गेली होती. कोनाडा रिकामा होता.

"कसा आलाय गं?" ज्योतिबानं विचारलं.

अंबुबाईनं फोटो दारातल्या उजेडात धरला. "ब्येस. चारी पेनं चकाकत्यात. येका बी निबाखाली डाग न्हाय."

"आन् वळी?"

"वरच्या दिसत्यात. मग फिकटल्यात. शेवटची..." तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "तितं कोराच कागद हाय."

"शाई नसली की फोटोत यायचं न्हाय, मामा," जिनपाल ओशाळून म्हणाला. "कागद आणलाय म्या संगं."

त्यानं घडी न घालता जपून आणलेला कागद ज्योतिबाच्या मांडीवर ठेवला. ज्योतिबानं फोटो बाजूला सारला. लेथवर काम करताना जाडी चाचपायचा तसा त्याचा अंगठा कागदाच्या खालच्या कडेशी गेला, जरा शोधत फिरला आणि थांबला. मग रुतलेल्या अक्षरांवरून तो हळूहळू पुढे सरकू लागला. ओठ हलत होते.

"जिनपाल, च्या ठेवतो, बस," म्हणून अंबुबाई चुलीकडे वळली. जाता जाता लेथवरचं सरकलेलं गोणपाट तिनं सारखं केलं. मागं अंगठा ओळीच्या शेवटाला पोचला होता आणि परत सुरुवातीला येत होता.