रंगाचे दोन हात

जयमालाबाईंनी मिटलेली छत्री करवतीसमोर आडवी धरली.

यंत्र घरघरत बंद पडलं. ते चालवणाऱ्या शेषरावने तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"बाई, बाजूले व्हा. लागन."

"कोणाला विचारून पाडताय?"

बाईंच्या मागे चौथीतली हिमानी उभी होती. बुलढाण्यातल्या त्यांच्या वसाहतीमागून ही वाट तळ्याकडे उतरते. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनीच ती गल्लीतल्या पोरांसाठी शोधून काढली होती. दर रविवारी सकाळी पहिल्या झाडापासून बाविसाव्या झाडापर्यंत कोणी बोलायचं नाही. तळ्यावर पोचलं की काय काय ऐकलं ते सांगायचं. पोरांनी काही विचारलं तर बाई उत्तर देत नसत. "तुला काय वाटतं?" असं उलट विचारत, आणि पोर विचार करून बोलेपर्यंत थांबत. कितीही वेळ लागो.

आज वाटेच्या सुरुवातीची नऊ झाडं आडवी झाली होती. नववं झाड हिवराचं; त्यावरचे सुगरणीचे खोपे धुळीत पडले होते.

"इजेच्या तारा जाऊन राह्यल्या इथून," शेषराव म्हणाला. "आमच्यावर काऊन रागावता? सायेब म्हणे, तळ्याच्या वाटेवर नंबर टाकलेली चार झाडं हायेत, तेवढी पाडा. आम्ही पाह्यलं त बावीस निघाली. फोन लावला. ते म्हणे, नंबर हाय न? मंग पाड."

बाईंची छत्री हळूहळू खाली आली.

आडव्या निंबावर पांढरा पाच होता. त्याचं शेपूट वळून वळून सालीच्या गाठीपर्यंत गेलेलं.

"हा माझा पाच आहे," हिमानी म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी पोरांकडून झाडांवर आकडे काढून घेतले होते. पावसात जाऊ नयेत म्हणून तेलाचा रंग आणला होता. वाळल्यावर दुसरा हातही द्यायला लावला होता.

शेषरावने पोरीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तुम्ही टाकले हे नंबर?"

"हो."

त्याच्या जोडीदाराला हसू फुटलं.

"हासू नको बे," शेषराव म्हणाला. मग आवाज उतरवून, "पुसून टाका बाई. आम्ही च्या पेतो तवरोक. नंबर नसन त्या झाडाले हात लावत नाही."

दोघं पडलेल्या खोडावर जाऊन बसले.

बाईंनी बाटलीतल्या पाण्याने पदराचं टोक भिजवलं आणि दहावं झाड घासलं. धूळ निघाली, आकडा आणखीच उजळला. छत्रीच्या टोकाने खरवडलं तर सालीचे तुकडे पडले. रंग भेगांमध्ये तसाच होता. पुढे अजून बारा झाडं होती.

हिमानी दगड घेऊन अकराव्याला भिडली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला.

"बाई, आपण नंबर टाकलेच नसते, तर?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोर वाट बघत होती, त्यांनीच शिकवल्यासारखी, न बोलता. मागे कोणीतरी करवतीची दोरी ओढून पाहिली.

"घास," बाई म्हणाल्या.