माडीवरचं दोहा

स्टुलावर झाकून ठेवलेलं ताट.

एप्रिलातली दुपार. जळगावहून पाचोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं एक बाई चाललीय. एका पायात चप्पल, दुसरा उघडा. मनगटाला सलाइनची पट्टी.

आखाताकडे निघालेले केळीचे खोके, वर जहाजाचं चित्र. त्यांना कोणी अडवत नाही.

गुलाबी भिंत. रंगाचा वास अजून गेलेला नाही.

गव्हाची मूठ, वर पाव मूठ.

आता हे सगळं एका घरात आणून ठेवायचं. घर पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातलं, मागच्या भिंतीला टेकून केळीचा मळा. रस्त्यानं चालत होती ती बाई म्हणजे या घरची थोरली सून, धुरपदाबाई.

तिची एकुलती एक लेक नूतन. शिरपूरला दिलेली, आता नवऱ्यासोबत आखातात, दोह्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून धुरपदाबाईच्या नवऱ्यानं, जीवरामनं, माडीवर खोली बांधली, आत संडास-बाथरूम, भिंतींना लेकीच्या आवडीचा गुलाबी रंग. खोली तयार झाली आणि साथीमुळं विमानं बंद पडली. विमानं सुरू झाली तोवर नूतनचे दिवस इतके भरले होते, की डॉक्टर तिला बसू देईनात. मग आईनंच जायचं ठरलं. पण तिथला नियम असा, की हिंदुस्तानातून आलेल्या माणसानं आधी दहा दिवस हॉटेलच्या खोलीत राहायचं. एकट्यानं. दार लावून.

"तुला नाही जमणार, आई," नूतन फोनवर म्हणाली. "एप्रिलात काय केलंस? तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून उठलीस आणि चालायला लागलीस. इथं असं केलंस तर पोलीस धरतील."

"मग तुझं कोण करणार?"

"ठेवू एखादी बाई."

ठेवू एखादी बाई! धुरपदाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला वेगळं काही ऐकू येणार होतं.

"दहा दिवस राहून दाखवते," ती म्हणाली. "मग तर तिकीट काढशील?"

पहिला दिवस

रविवार, श्रावणातला. ती दोन लुगडी आणि फोन घेऊन वर गेली आणि तिनं दार लावून घेतलं. जीवराम मॅनेजर झाला. तीनदा टकटक करायची, ताट स्टुलावर ठेवायचं, चार पायऱ्या उतरायच्या. तिनं दहा अंक मोजून दार उघडायचं.

"हॉटेल पसंद पडनं का, मॅडम?"

"वरणात मीठ नाही."

"तक्रार लिखीसन देवानी."

दुसरा

पंखा. त्याची सावली छतावर तीन पात्यांची, भिंतीवर सहा.

तिसरा

तिसऱ्याची सगळ्यांना धास्ती होती. खाली कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तिचे तळपाय आपले आपण तापले. एप्रिलात असंच झालं होतं. पलीकडच्या खाटेवरची बाई सकाळी होती, दुपारी नव्हती, आणि हिच्या पायांनी हिला न विचारताच रस्ता धरला होता. ती उठली. दारापाशी गेली. दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं. ती जळगावला गेली आणि परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. दुपार कलली तेव्हा ती शिरपूरही ओलांडून गेली होती, आणि पायाखालची फरशी वाळूसारखी बारीक सरकत होती.

नंतर तिला झोप लागली.

चौथा

सकाळी खोली जमिनीवर नव्हती.

तिनं खिडकीतून पाहिलं. केळीची पानं वाऱ्यानं पालथी होत होती, एक रांग, मग पुढची रांग, आणि तो हिरवा समुद्र पार आभाळापर्यंत गेला होता. घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, त्या पाण्यात डुलत होत्या. खोली सावकाश पश्चिमेला निघाली होती. तिला भीती वाटली नाही. उलट, एवढं सोपं होतं तर इतके दिवस कोणी निघालं का नाही, याचंच नवल वाटलं.

टकटक टकटक टकटक. "नाश्ता."

"हळू वाजवा. बाळ झोपलंय," ती म्हणाली.

जीवराम चार पायऱ्या उतरला आणि पाचवीवर बराच वेळ उभा राहिला.

पाचवा, सहावा

हे दोन दिवस पाण्यात गेले.

सातवा

शनिवार. उद्या घरात देवी बसायची, कानबाई. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. ते रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. मूठ थोरल्या सुनेची. एकोणतीस वर्षं ती धुरपदाबाईची होती.

खालून धाकटी जाऊ मोहिनी ओरडली, "अक्का, यंदा मूठ कोननी? मनी चालई का?"

"तुनी मूठ चिमनीनी शे! बठ्ठा घर उपाशी ऱ्हाई!"

"मग खाले या ना. दोन मिनिटांनी बात शे."

दोन मिनिटं. धुरपदाबाई कडीकडे बघत राहिली. दोह्यात नूतन कळा सोसत असेल आणि कोणी असंच म्हणेल, दोन मिनिटं फक्त.

"मॅनेजरले इचारा," ती म्हणाली.

जीवराम जिन्यात डोकं खाजवत उभा होता. मग म्हणाला, "ताट मजार जास, ताट भाहेर येस. गहूनं ताटबी जाई. नियममा बसस."

गव्हानं भरलेलं ताट आणि रिकामी परात आत आली. ती जमिनीवर बसली. जीवराम, सव्वा मूठ. दीर नथ्थू, सव्वा मूठ. त्याचे दोघे मुलगे, चंदन आणि नवीन. झालं. घरात चारच पुरुष.

तिचा हात ताटातच राहिला. नूतनचं जे येणार ते मुलगा असेल तर शिरपूरच्या परातीत मोजलं जाईल. मुलगी असेल तर कुठंच नाही. गहू बोटांमधून गार गार सरकत होता. तिनं मूठ वळली आणि परातीत सोडली. वर पाव मूठ.

परात बाहेर गेली. जीवरामनं जन्मभर धान्य हातानं जोखलेलं. त्याला वजनावरूनच समजलं.

"नूतननी माय. चार माणसं, अन् हाई सव्वासहा मुठी शे."

त्यानं परात पुन्हा एकदा तोलून पाहिली.

"वरनी सव्वा मूठ कोननी?"

"हॉटेलमा पाव्हना येनार शे, त्यानी."

"पाव्हनानं नाव रोटमा ऱ्हास नही व."

"तो पाव्हना शे, हाई तुम्हले कोनी सांगं?"

 मग तो उतरला. मोहिनीनं काही विचारलं असावं, कारण तो नुसता "दळ" म्हणाला, आणि खाली घरघंटी सुरू झाली.

आठवा

ताटात एक रोट जास्तीचा होता, जाड आणि खरपूस. संपवायचा कोणी हे कोणी बोललं नाही.

नववा

कानबाई नदीला निघाली. दरवर्षी तिचा पाट धुरपदाबाईच्या डोक्यावर असायचा, यंदा मोहिनीच्या. मोजकीच माणसं, तोंडाला रुमाल. तिनं खिडकीतून पाहिलं, आणि वजन मात्र तिच्याच माथ्यावर आलं, मान आपोआप ताठ झाली. गाणी केळीत शिरली. पानांच्या लाटांवरून कानबाईचा नारळाचा, लाल शालूतला मुखवटा पुढं पुढं गेला, निळ्या पिशव्या बाजूला सरून वाट देत होत्या, आणि पार टोकाला, जिथं मळा संपून बांध लागतो, तिथं एक उंच काचेची इमारत उभी होती. तिच्या एका खिडकीत कोणीतरी हात हलवत होतं.

तिचा हात कडीवर होता. तो तिथं कधी गेला हे तिला कळलं नाही.

तिनं कडी सोडली. कालचा रोट फडक्यातून काढला, खाली बसली आणि खायला लागली. अर्धा आपल्या नावाचा. अर्धा दुसऱ्याच्या. खालची गाणी ऐकू येईनाशी झाली तोवर शेवटचा तुकडा संपला होता.

फोन वाजला. "बाबा म्हणतात, तू उतरलीच नाहीस," नूतन म्हणाली. "विसर्जनालासुद्धा नाही?"

"उद्याचा एक दिवस बाकी आहे."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "पाच सप्टेंबरचं तिकीट काढते, आई. मेथीचे लाडू आणू देतात का, विचारते."

धुरपदाबाई भिंतीला टेकली. खोली हळूच हलली आणि पुन्हा चालू लागली.

नूतनला मुलगी झाली ती अकरा सप्टेंबरला, अंदाजाच्या सोळा दिवस आधी. त्या सकाळी धुरपदाबाई त्याच शहरात हॉटेलच्या चौदाव्या मजल्यावर होती आणि तिचा सातवा दिवस चालू होता.