उसना शोक

माझा नवरा गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या पुस्तिकेत माझ्या नावाखाली दुसऱ्याच बाईचा शोक छापून आला होता. टायपिंगवाल्यांकडे मजकूर तयार असायचे. बायकोचा, मुलांचा, चर्चचा. नाव बदललं की झालं. माझ्या टायपिंगवाल्या मेल्याने एके ठिकाणी नावसुद्धा बदललं नाही. 'माझ्या लाडक्या इमॅन्युएल' असं मी साऱ्या होहोए गावाला सांगितलं, आणि माझ्या नवऱ्याचं नाव एलिकेम. मी तेव्हा विधवेच्या खोलीत चटईवर. दफन होईपर्यंत विधवेने तोंडातून शब्द काढायचा नाही हा आमचा रिवाज, म्हणून गप्प बसले. नंतर मात्र त्याला असं सुनावलं की त्याने पुन्हा माझ्या गल्लीत पाय ठेवला नाही. त्याच रागात बाजारात स्वतःचं टायपिंगचं दुकान टाकलं.

माझ्या दुकानात तयार शोक मिळत नाही. बाई खोलीत बसायच्या आधी मी तिला समोर बसवते, ती बोलते, मी टाइप करते.

चर्चच्या गायनवृंदाचे मास्तर अग्बेको गेले तेव्हा त्यांची बायको, कोसिवा आजी, दोन दिवस माझ्याकडे येत होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण बोलायला लागली की मध्ये थांबायचं काम नाही. वर्ड उघडायला माझं जुनं यंत्र फार रडायचं, म्हणून मी सगळं नोटपॅडमध्ये उतरवलं. फाइलीला नाव दिलं 'कोसिवा'. रविवारी आजी खोलीत बसली. येत्या शनिवारी दफन होतं. आणि बुधवारी कुणाच्या तरी फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसने माझा कॉम्प्युटर बंद पाडला. विंडोज सुरूच होईना. कागदावर मी काही ठेवलं नव्हतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात; मी पुढचीही आणि ठेचही माझीच.

गुरुवारी सकाळी सेन्यो आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, तिशीचा, खिशात बूट डिस्कची फ्लॉपी आणि ओठांवर फुशारकी.

"काळजी सोडा, आंटी," तो म्हणाला. "बूट डिस्क लावतो, सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, विंडोज नव्याने टाकतो. तुमच्या फायली डी मध्ये आहेत ना? मग त्यांना धक्का नाही. अर्धं होहोए मीच फॉरमॅट केलंय."

फ्लॉपी घरघरली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. त्याने फॉरमॅटची आज्ञा टाइप केली. सीमधलं सगळं पुसलं जाईल, करू का, असं पडद्याने विचारलं. सेन्योचं बोट वाय या अक्षरावर गेलं आणि मी त्याचं मनगट धरलं.

"आधी दाखव त्या सीमध्ये काय आहे."

"त्यात काय बघायचं? सी म्हणजे सी."

"तुला फॉरमॅट करायला बोलावलंय, मला शिकवायला नाही. नाही म्हण आणि दाखव."

तो तोंड वाकडं करून नाही म्हणाला आणि यादी मागवली. पडद्यावर माझ्याच फायली उतरायला लागल्या. पाच वर्षांच्या पुस्तिका, आणि सगळ्यात खाली 'कोसिवा'.  मी स्टूल ओढून बसले.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

सेन्योने यादी वरपासून पुन्हा मागवली. मग हळूच म्हणाला, "डिस्क जुनी आहे, आंटी. तुमचा सी नव्या पद्धतीचा आहे, तो तिला दिसतच नाही. पुढचा पहिला जो दिसतो त्यालाच ती सी म्हणते."

"म्हणजे माझ्या डीला."

"हो."

"आणि अर्ध्या होहोएचं काय केलंस?"

"ते विचारू नका," तो म्हणाला.

तेवढ्यात मास्तरांचे थोरले भाऊ गामेली, ज्यांना सगळे मानाने तोग्बे म्हणत, काठी आपटत दारात आले. घरातले वडीलधारे म्हणून चर्चमध्ये आजीचा शोक वाचायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढा घोळ कशाला घालतेस, अक्पेने? दुसऱ्या एखाद्या बाईचा मजकूर टाक. प्रेमळ पती, चिरशांती लाभो, एवढंच असतं की. कोण वाचतंय?"

"मी वाचते, तोग्बे," मी म्हणाले. "आणि आजीचं तोंड बंद आहे, कान नाहीत."

"मोठ्यांशी असं बोलतात का?"

"मोठ्यांनी असं सुचवलं तर बोलावं लागतं. उद्या दुपारी पुस्तिका घेऊन जा."

ते बडबडत गेले. आजीची फाइल उतरवून ठेवायला मी दुकानातल्या तिन्ही कोऱ्या फ्लॉप्या लावून पाहिल्या. तिन्हींना दमट हवेने बुरशी धरलेली, एकही फाइल घेईना.

"आता मला सगळं समजलंय, आंटी," सेन्यो म्हणाला. "खरा सी कुठला ते कळलं. डीला हात लावणार नाही. करू का सुरू?"

"नाही. तुला सकाळीही सगळं समजलेलं होतं. आधी ते शब्द कागदावर, मग फॉरमॅट."

मी शाळेची वही आणि पेन घेतलं. सेन्यो पानभर मजकूर पडद्यावर आणून मोठ्याने वाचायचा, मी लिहायचे. कंटाळून त्याने एक वाक्य गाळलं, तर मी त्याला मागे नेलं. तिसऱ्या पानावर त्याचा आवाज बारीक झाला आणि मग त्याने काही गाळलं नाही. मक्याच्या पिठाचं अकपले आणि भेंडीचं सूप समोर निवत होतं, पण शेवटची ओळ वहीत उतरेपर्यंत मी कुणाला हात धुऊ दिले नाहीत. मग म्हणाले, "हं, आता कर." त्याने डिस्कचा पहिला भाग, म्हणजे खरा सी, पुसून नवा केला, फॉरमॅट केला, आणि दर वेळी कळ दाबण्याआधी माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत विंडोज चालू झालं. फायलीही जागेवर होत्या. वही मी तरीही घरी नेली.

शनिवारी चर्च भरलं होतं. कोसिवा आजी काळ्या कपड्यांत पुढच्या बाकावर बसलेली, मान खाली. तोग्बे गामेली चष्मा लावून तिचा शोक वाचायला उभे राहिले. बरं वाचत होते. मग एका जागी अडखळले आणि दोन ओळी ओलांडून पुढे गेले. मला कळलं कुठल्या ते. मी उठणार, तेवढ्यात आजीचा हात वर गेला.

बोलायला तिला अजून मनाई होती. नुसता हात वर धरून बसली. तोग्बेंनी पुढे वाचून पाहिलं, हात खाली येईना. चर्चमध्ये कुजबुज झाली, मग तीही थांबली. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि मागे जाऊन वाचलं:

"रागावलास की तू तीन-तीन दिवस बोलायचा नाहीस. मी वाढायचे, तू जेवायचास, पण अवाक्षर नाही. आता गप्प बसायची पाळी माझी आहे, अग्बेको. बघ कसं वाटतं ते."

लोक हसले. गायनवृंदातली माणसं तर मोठ्याने हसली, कारण मास्तरांचा अबोला त्यांनीही सोसला होता. हसता हसताच बायका रडायला लागल्या. आजीने हात खाली घेतला.

मी मागच्या बाकावर माझ्या एलिकेमसाठी रडले. त्याच्या दफनाच्या दिवशीही रडले होते, पण ते रागाने.