पेला कोणाच्या हातात?

बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, मावशी, घरमालकसुद्धा मठातून आलेल्या बाबांच्या सुरईकडे डोळे लावून बसले होते. दादाचा ताप हटत नव्हता आणि घरातली कोण त्याला बाधतेय, हे सुरईतलं मंत्रलेलं पाणी सांगणार होतं.

चेल्याने आम्हा बायकांना पाण्याचा एकेक स्टीलचा पेला दिला. बाबा त्यात सुरईतलं पाणी ओतत गेले. मावशीचा गार, आईचा गार, माझाही गार. वहिनीचा मात्र बघता बघता तापला.

"आग हिच्यात आहे, बाळांनो. आमचं पाणी बिचारं नुसतं चुगली करतं," बाबा म्हणाले.

वहिनीला मागच्या खोलीत कोंडलं. कडी आईनेच लावली. संध्याकाळी बाबांची गाडी तिला मठात नेणार होती. परत कधी, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, पण माहेरी माझं कोण ऐकतं? "पाहुणी आहेस, पाहुणीसारखी राहा," आईने बजावलं. दाराला कान लावला तर आतून वहिनी रडत म्हणाली, "ताई, बाबांनी ओतायच्या आधी पेल्यातलं पाणी बोटांवर सांडलं, तर साबणासारखं बुळबुळीत लागलं हो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बाबांपुढे हात जोडले. "पुन्हा एकदा परीक्षा घ्या, मग खुशाल न्या." गर्दीला तमाशा हवाच होता. वहिनीला बाहेर आणलं, चेल्याने पुन्हा नवे पेले वाटले.

"वहिनी, तुझा पेला आईला दे, आईचा तू घे. परीक्षा माणसाची आहे ना, बाबा, पेल्याची नाही?"

आता बाबा अडकले. एवढ्या लोकांसमोर ओतावंच लागलं. वहिनीचा पेला गार राहिला. आईचा तापला.

मावशी आईपासून चार बोटं लांब सरकली. घरमालक म्हणाला, "मग आता यांना न्यायचं का?" आईने माझा दंड घट्ट धरला. मला त्या सगळ्यांचा भयंकर संताप आला.

"कोणालाच न्यायचं नाही. या पेल्यात कॉस्टिक सोडा आहे, म्हणून पाणी बुळबुळीत. सुरईत पातळ ॲसिड. दोन्ही वेगवेगळी गार असतात. एकत्र आली की एकमेकांना निकामी करतात आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. बाकीच्या पेल्यांत साधं पाणी. हा पेला निवू द्या, मग त्यात पुन्हा ओता, बाबा. त्यातला सोडा संपलाय, बघू आता तापतो का."

"शक्तीची परीक्षा घेऊ नये, मुली."

"वहिनीची घेताना चालली?"

बाबांनी सुरई उचलली आणि गाडी गाठली. मी दादासाठी डॉक्टरांना फोन लावला. मागे आई पुटपुटत होती, "पण मी तर काहीच केलं नव्हतं गं."

"मीही काही केलं नव्हतं, आई," वहिनी म्हणाली.

म्हणून सांगते, पेला तापला तर आत काय आहे ते आधी बघा. तो धरणाऱ्या बाईला कोंडू नका.