शुक्रवारपर्यंत काकांना मारणे

मित्रांनो, मी पांढरा फळा आहे. म्हणजे कारखान्यातून निघालो तेव्हा पांढरा होतो. आता माझा रंग खूप चहा पिणाऱ्या माणसाच्या दातांसारखा झाला आहे. डाव्या कोपऱ्यात न पुसल्या जाणाऱ्या शाईने काढलेला एक बाण आहे. तो कुठेच जात नाही, पण दाखवतो मात्र पूर्ण आत्मविश्वासाने.

माझ्यासोबत जन्मलेले काही भाऊ शाळेत लागले, काही बँकेत. एकाला हॉस्पिटलात चांगली भिंत मिळाली. मला एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घेतलं. मला बाबांनी भिंतीवर बसवलं. बाबा म्हणजे या स्कूलचे मालक. त्यांनी खिळे ठोकले ते डोळ्यांच्या अंदाजाने, त्यामुळे मी जन्मभर थोडा तिरका आहे. माझ्यावर काढलेला प्रत्येक रस्ता चढाचा दिसतो. आमच्याकडे शिकलेले लोक चढावर गाडी थांबवण्यात पटाईत निघतात, याचं श्रेय मला अजून कुणी दिलेलं नाही.

ते दिवस छान होते. बाबा माझ्यावर चौक काढत, गोल चक्कर काढत, आणि चुंबकाची लाल मोटार आणि निळा ट्रक सरकवून समजावून सांगत. मार्कर ते शर्टाच्या खिशात ठेवत, बहुतेक वेळा टोपण न लावता. त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे निळे होते. परीक्षेला निघालेली मंडळी जाताजाता माझ्या कडेला हात लावून पाया पडल्यासारखं करत. मी नम्रपणे गप्प राहत असे. फळ्याला दुसरा पर्याय नसतो, पण तरी.

मग एके दिवशी बाबा गेले. त्यांची मुलगी आणि मुलगा दोघंही तेव्हा शिकाऊंना घेऊन परीक्षेच्या मैदानावर होते. परत आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

स्कूल ताईने चालवायला घेतलं. ताई म्हणजे मुलगी. तिने समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला. त्यात चौक आपोआप तयार होतात आणि गाड्या स्वतःहून इंडिकेटर देतात. माझ्या वाट्याला एक कॅलेंडर आणि लोकांच्या छत्र्या आल्या. माझ्याकडे बघून कुणी काही शिकेनासं झालं. लोक फक्त तारीख बघत.

आता तिच्या धाकट्या भावाबद्दल. तो ऑफिस सांभाळतो, फॉर्म भरतो, फोन घेतो. त्याच्याकडे लायसन्स आहे, पण तो गाडी चालवत नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीतला माणूस आत्ता मनात काय म्हणत असेल, याचा तो विचार करत बसतो. असा माणूस एक तर अपघात करतो किंवा कादंबरी लिहितो. हा कादंबरी लिहीत होता. खरं म्हणजे कादंबरीचं पहिलं पान लिहीत होता. गेली काही वर्षं. ते पान इतकं सुंदर झालं होतं की घरात सगळ्यांना पाठ होतं.

एका संध्याकाळी शेवटची बॅच सुटल्यावर ताईने त्याला विचारलं.

"कुठवर आलं, लेखक?"

"पहिलं पान होत आलंय."

"अरे, तू फर्स्ट गिअरमध्येच म्हातारा होणार."

तिने छत्र्या उचलल्या, कॅलेंडर काढलं आणि मला ओल्या फडक्याने पुसलं. मित्रांनो, किती वर्षांनी. मी शहारलो.

ताईला शिकवायची एकच पद्धत येते. तिने कादंबरीलाही तीच लावली. दर सोमवारी संध्याकाळी माझ्यावर त्या आठवड्याचं एकच उद्दिष्ट लिहायचं. ते इतकं लहान हवं की शेजारच्या सीटवर बसून सांगता आलं पाहिजे. कच्चा खर्डा पुरा होईपर्यंत रिव्हर्स बंद. म्हणजे मागची पानं पुन्हा लिहीत बसायचं नाही. खाली तिने सापशिडीसारखी घरं आखून एक लांब रस्ता काढला, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि त्यावर लाल मोटार ठेवली. मोटार म्हणजे कादंबरी. निळा ट्रक तिच्यामागे थोड्या अंतरावर. शुक्रवारी काम झालं असेल तर मोटार पुढे आणि ट्रक आपल्या जागी. काम चुकलं तर मोटार तिथेच आणि ट्रक एक घर पुढे. लागोपाठ तीनदा चुकलं की ट्रक मोटारीला लागणार.

"आणि ट्रक लागला तर?" भावाने विचारलं.

"तर कादंबरी कपाटात, आणि तू माझ्यासारखा शिकवायला गाडीत. मला एक माणूस कमीच आहे."

भावाचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला.

मित्रांनो, एक गोष्ट सांगायला हवी. फळ्याला स्वतःवर लिहिलेलं वाचता येत नाही, जसं तुम्हाला तुमच्या कपाळावरचं वाचता येत नाही. कुणी मोठ्याने वाचलं तरच मला कळतं. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार मी कायम धास्तावलेला असतो. अंगावर काहीतरी महत्त्वाचं आहे एवढंच मला माहीत असतं.

सुरुवातीचे आठवडे बरे गेले. "नायकाला घराबाहेर काढणे" असं होतं, तो निघाला. "नायकाची नोकरी घालवणे" होतं, ती गेली. एका आठवड्यात "मावशीला बोलायचं थांबवणे" होतं. ते शुक्रवारी संध्याकाळी जेमतेम जमलं, तेही मावशीचा घसा बसला म्हणून. लाल मोटार अर्ध्या रस्त्यापर्यंत आली. मग एका सोमवारी ताईने नेहमीपेक्षा दाबून लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शिकाऊने ते मोठ्याने वाचलं.

"शुक्रवारपर्यंत काकांना मारणे. टाळाटाळ नको."

वाचणारे गृहस्थ नुकतेच निवृत्त झालेले होते, आणि ताई त्यांना काका म्हणत असे. माझ्यापुरतं मी त्यांना ब्रेककाका म्हणतो, कारण ते पाखराची सावली पडली तरी ब्रेक दाबतात. त्या दिवशी ते गाडीत बसले, चावी फिरवली नाही, आणि ताईला फार सभ्यपणे म्हणाले की आपण भरलेली फी परत मागत नाही, फक्त आपलं नेमकं काय चुकलं ते कळलं तर बरं होईल.

ताईने त्यांना सगळं समजावून सांगितलं. कादंबरीतल्या नायकाचे काका मरायला हवेत, नाहीतर घराचं भांडण सुरूच होत नाही, आणि भांडण नसेल तर कादंबरीचा पुढचा अर्धा भाग नाही. ब्रेककाकांना पटलं. पण त्या दिवसापासून ते आल्याआल्या ऑफिसात डोकवत.

"आज आहेत ना?"

"आहेत," भाऊ म्हणे.

"बरं," असं म्हणून ते ब्रेकवर पाय ठेवायला जात.

आणि काका होतेच, मित्रांनो. तीच तर अडचण होती. पहिल्या आठवड्यात भावाने त्यांना गच्चीवरून पाडलं. ते खाली गाद्या घेऊन चाललेल्या टेम्पोवर पडले आणि तसेच पुढच्या स्टॉपला उतरले. ट्रक एक घर पुढे आला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना विषबाधा झाली. पोट साफ होऊन ते पूर्वीपेक्षा तरतरीत दिसू लागले आणि सकाळी पळायला जाऊ लागले. शुक्रवारी संध्याकाळी ताईने पानं चाळली आणि विचारलं की हे काका आहेत की रबर. ट्रक आणखी एक घर पुढे आला. आता त्याचा निळा कोपरा लाल मोटारीच्या मागच्या चाकापासून बोटभर लांब होता.

तिसऱ्या सोमवारी ताईने पुन्हा तीच ओळ गिरवली. मार्कर माझ्यात रुतला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. छत्र्यांची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. भावाला गाडीत बसताना मी खिडकीतून पाहिलं आहे. तो सीटबेल्ट लावतो आणि मग दाराचं हँडल धरून ठेवतो, कधीही उतरायच्या तयारीत. या माणसाच्या शेजारी बसून रोज नवा शिकाऊ गाडी चालवणार होता. आणि संध्याकाळी तो घरी जाऊन काहीच लिहिणार नव्हता.

मंगळवारी काका पुरात वाहून गेले. बुधवारी ते पोहत परत आले. गुरुवारी भाऊ शेवटची बॅच सुटल्यावर मार्कर हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याला काही लिहायचं नव्हतं. तो टोपण काढत होता आणि लावत होता.

ताई गाडीची चावी टांगायला आत आली.

"आज काय केलंस त्यांचं?"

"हृदयविकार. रात्री झोपेत."

"मग? चांगलं आहे की. साधं, सरळ."

"उठले सकाळी. शर्ट घातला. खिशाला शाई लागलेली होती, म्हणून बदलला."

हे काका मुळात कोण, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि तिच्याही आलं असावं. ती शिकाऊंच्या बाकावर बसली.

"खिसा निळा होता का?" तिने विचारलं.

"हो."

दोघांनी टीव्हीकडे पाहिलं. त्यात एक गाडी गोल चक्करला सारखी फेऱ्या मारत होती. तिला बाहेर कुठे पडायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

"ताई, मला तो क्षण लिहिता येत नाहीये. मी तिथपर्यंत जातो आणि त्यांना वाचवून आणतो."

"कसा येईल? तू होतास का तिथे? मी होते का? आपण दोघं मैदानावर शिकाऊंच्या त्या आठच्या आकड्यातल्या फेऱ्या बघत होतो." ती उठली. "आपल्याला फक्त दुसरा दिवस माहितीये. तोच लिही ना."

तिने डस्टर घेतला. मित्रांनो, तीन आठवडे गिरवलेली ओळ अशी निघत नाही. ती घासत राहिली. मी भिंतीवर कुरकुरलो. शेवटी तिने ओढणीच्या टोकाला थोडं पाणी लावून पुसलं, आणि नवी ओळ लिहिली. लिहितालिहिता पुटपुटली म्हणून मला कळलं. "काका गेल्यानंतरची सकाळ."

भावाने ती ओळ बघितली. मग ट्रककडे बघितलं.

"आठवड्याच्या मध्येच उद्दिष्ट बदलता येतं?"

"रस्ता बंद असला तर वळसा घेतात. त्याला कुणी नापास करत नाही." मग तिने मान हलवली. "पण शुक्रवार म्हणजे शुक्रवार. तो मी बदलणार नाही."

शुक्रवारी भाऊ दिवसभर फोन उचलत नव्हता. दोन माणसं फॉर्मसाठी येऊन गेली. त्यातल्या एकाचं नाव त्याने जन्मतारखेच्या रकान्यात लिहिलं. ब्रेककाकांनी डोकावून विचारलं तेव्हा त्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता हात वर केला. ते हळूच दार लोटून गेले. संध्याकाळ होत आली तसं माझ्या पत्र्याला आतून घाम फुटल्यासारखं वाटू लागलं. तो लिहीत होता की नुसता पेन हलवत होता, हे मला तिरका असल्यामुळे नीट दिसत नव्हतं.

ताई आली. त्याने पानं पुढे केली. थोडीच होती. ती उभ्यानेच वाचू लागली, पण काही ओळी झाल्यावर बाकावर बसली. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्याचा खांदा माझ्या कडेला लागला होता.

पानांत काय होतं ते ती मधेमधे मोठ्याने वाचत होती म्हणून मला थोडं समजलं. सकाळ झालेली आहे. घरात माणसं फार आहेत आणि आवाज फार कमी. कुणीतरी दारातल्या चपला सरळ करतं आणि एक जोड हातात धरून तसंच उभं राहतं. नायकाची बहीण स्वयंपाकघरात चहा करते, सवयीने एक कप जास्त ओतते, आणि तो कप कुणाला द्यायचा म्हणून सगळ्या घरभर फिरते. कुणीच घेत नाही.

वाचून झाल्यावर ताईने पानं मांडीवर ठेवली. ट्रक बोटभर मागे होता. मी श्वास रोखला. फळ्याला श्वास नसतो, पण मी रोखला.

"चूक आहे," ती म्हणाली.

भावाने डोळे मिटले.

"चहा मी नव्हता केला. तू केला होतास. मी आत पडून होते. तू कप घेऊन माझ्यापाशी आलास, आणि मी भिंतीकडे तोंड केलं." तिने मांडीवरची पानं सारखी केली. "मी घ्यायला हवा होता रे तो."

"बदलू का मग?"

"रिव्हर्स बंद आहे ना? राहू दे. बहिणीनेच केला असं राहू दे."

ती उठली, माझ्यासमोर आली, आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. मग ट्रक मागे नेऊन आपल्या जागी लावला आणि लाल मोटार एक घर पुढे सरकवली. तिचं चुंबक जरा सैल आहे, ती चढावर घसरते. ताईने अंगठ्याने दाबून धरली, पुरेसा वेळ.

मित्रांनो, कादंबरी अजून पूर्ण झालेली नाही. ट्रक अजून माझ्यावरच आहे आणि मला अजून दर शुक्रवारी धडधडतं. पण आता सोमवारी एक वेगळी गोष्ट घडते. ताई मार्कर उचलते, माझ्यासमोर थोडा वेळ नुसती उभी राहते, आणि मग मागे वळून विचारते, "हे जमेल ना रे?" पूर्वी ती विचारत नसे. कधी तो हो म्हणतो, कधी म्हणतो की निम्मं कर. ती निम्मं करते.

तुमच्याही घरात किंवा कामाच्या जागी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कोरड्या, मऊ कापडाने पुसत जा. वरच्यावर पुसा, महिनोन्महिने एकच ओळ वाळू देऊ नका. दुसऱ्या कुणाचा आठवडा त्याच्यावर लिहिणार असाल, तर आधी त्या माणसाला विचारा. आणि लिहिताना हात जरा हलका ठेवा. दाबून लिहिलेलं पुसलं तरी आमच्या अंगावर राहतं.